ल्युबेकच्या बिल्ल्याची जागा

व्युर्त्सबुर्ग, ३ मार्च

प्रिय बुर्कार्ड,

पाकीट फोडलं असशील तर निदान एवढं वाच. अठरा मेला, शनिवारी, सीझनचा शेवटचा सामना ल्युबेकला आहे. आपला संघ विरुद्ध तुझ्या गावचा संघ. इतक्या वर्षांत दोघं एका श्रेणीत कधी आलेच नव्हते, या वर्षी आलेत. मी पाहुण्यांच्या स्टँडमध्ये उभी असेन आणि पप्पांचं जॅकेट माझ्यापाशी असेल. ते तुझं आहे. येऊन घेऊन जा. नाही आलास तर मी ते परत आणीन आणि यापुढे तुला पत्र लिहिणार नाही.

बाकीचं वाचलं नाहीस तरी चालेल, पण मी लिहिणार आहे. जानेवारीत औषधांच्या दुकानातून निवृत्त झाले. चौतीस वर्षं लोकांच्या चिठ्ठ्या वाचल्या, आता हात रिकामे आहेत.

अकरा वर्षं दर ख्रिसमसला तुला कार्ड पाठवलं आणि दर जानेवारीत ते परत आलं. 'स्वीकारले नाही' असा शिक्का मारलेलं. अकराही कार्डं शिवणाच्या डब्यात आहेत. शिक्का दरवेळी जरा वाकडाच असतो. तुमच्या पोस्टमनच्या हाताला वळण नाही.

ओटमारकाका परवा आले होते. पप्पांबरोबर पस्तीस वर्षं बाहेरगावच्या सामन्यांना गेलेला माणूस, आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. म्हणाले, "वाली, फॅन क्लबच्या बसमध्ये एक जागा आहे. घरात बसून किती दिवस भांडी घासशील?" मी म्हटलं, मला ऑफसाइडही नीट कळत नाही. ते म्हणाले, "पंचांना तरी कुठे कळतं?"

म्हणून तीन गावं ठरवली: रेगेन्सबुर्ग, म्युन्स्टर आणि शेवटी ल्युबेक. पप्पांच्या पद्धतीनेच जाणार आहे. आधी चर्चमध्ये एक मेणबत्ती, मग जुन्या गावात एक फेरी, मग स्टेडियम. आई त्याच अटीवर त्यांना सोडायची आणि मग ती अट त्यांचीच सवय झाली.

जॅकेट काल कपाटातून काढलं. ते बिनबाह्यांचं, निळ्या डेनिमचं. पाठीवर, खांद्यांवर, खिशांवर एकतीस गावांचे कापडी बिल्ले. त्यातले सव्वीस मी शिवलेत हे तू विसरला नसशील. उर्सुलीन सिस्टरांच्या शाळेत सिस्टर आडेलगुंड यांनी शिकवलेला टाका, वरून दिसत नाही असा. फुटबॉलच्या बिल्ल्यांसाठी तो वापरते हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी आणखी पन्नास वेळा शिवायला लावला असता.

डाव्या खांद्यावरची जागा अजून रिकामी आहे. तू लग्न करून ल्युबेकला गेलास तेव्हापासून पप्पा तिथे काही लावू द्यायचे नाहीत.

असं जॅकेट कधी धुवायचं नसतं, हे आपल्या गल्लीतल्या मांजरीलाही माहीत आहे. पाऊस, बिअर, मस्टर्ड, तंबाखू, सगळं त्यात मुरायचं असतं. आणि मी ते धुतलं. पप्पांच्या शवपेटीवर ते पसरायला मी पुढे झाले तेव्हा तू आधी ते नाकाशी नेलंस. लॅव्हेंडरच्या साबणाचा वास आला तुला. "हात लावू नकोस," म्हणालास मला. सगळ्या माणसांसमोर. मग हळूच म्हणालास, "तू त्यांना धुवून टाकलंस."

त्यानंतर तुझा आवाज मी ऐकलेला नाही.

तुझी
वाली


रेगेन्सबुर्ग, २४ मार्च

प्रिय बुर्कार्ड,

पाकीट परत आलं नाही. तीन आठवडे झाले. कार्डं नऊ दिवसांत परत यायची, मी मोजून ठेवलंय. त्याचा अर्थ काय ते मी ठरवत नाही, पण काल बसमध्ये बसताना खांदे जरा हलके होते.

सामना काल झाला. एक-एक. आपला गोल कसा झाला ते मी पाहिलं नाही, कारण समोरचा माणूस झेंडा हलवत होता. ओटमारकाका म्हणाले, त्यांनीही पाहिला नाही, कोणीच पाहिला नाही, म्हणून तो झाला.

बसमध्ये मी जॅकेट अंगात घातलं नव्हतं, मांडीवर ठेवलं होतं. मागच्या सीटवर मोठ्या मिशांचा माणूस होता, गेरहोल्ड नावाचा, सुतारकाम करतो. त्याने वाकून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाला, "बाई, हे जॅकेट आहे की खिडकीचा पडदा?" सगळी बस हसली. मग कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं की हे आलोइसचं जॅकेट आहे. पुढच्या थांब्यावर तो माझ्यासाठी कॉफी घेऊन आला. साखर न विचारता तीन चमचे घातली होती. पिऊन टाकली.

मेणबत्ती कॅथीड्रलमध्ये लावली, त्या हसणाऱ्या देवदूतासमोर. लहानपणी तू विचारलं होतंस, देवदूत एवढा दात काढून का हसतोय, आणि पप्पा म्हणाले होते, "त्याला निकाल आधीच माहीत आहे." काल मी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहत बसले. त्याने काही सांगितलं नाही.

मग दगडी पुलाच्या पायथ्याशी त्या छोट्या खोलीत सॉसेज खायला गेलो. भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा आहेत. त्यातली एक पप्पांच्या छातीपर्यंत यायची. दरवेळी ते तिथे उभे राहून पाहायचे. मी काल उभी राहिले तर हनुवटीपर्यंत आली.

पप्पांचा शेवटचा सामना इथलाच होता, हे तुला माहीत आहे. ऑक्टोबरमधला. मी सोबत होते, तू नव्हतास. तुझ्या हायकेचे दिवस भरले होते आणि तिला सोडून येणं तुला शक्य नव्हतं. त्या दिवशी याच टेबलापाशी त्यांनी सहा सॉसेज मागवले आणि अर्धा खाल्ला. उरलेले मी खाल्ले.

पुढचं इथे लिहिणार नाही. बस सुटतेय.

वाली


म्युन्स्टर, १४ एप्रिल

प्रिय बुर्कार्ड,

आज पाम संडे. चर्चमधून आत्ताच आले, तिथे वाटलेली विलोच्या कळ्यांची एक फांदी हॉटेलच्या खोलीत ग्लासात ठेवली आहे. काल तीन-शून्य हरलो, पाऊसही होता. फॅन क्लबची बस रात्रीच परत गेली, ओटमारकाका आणि मी राहिलो, कारण त्यांचा गुडघा सुजला होता.

सकाळी आम्ही लाम्बेर्टी चर्चच्या समोरच्या बाकावर बसलो होतो. वर मनोऱ्यावर ते तीन लोखंडी पिंजरे, ज्यांत बंडखोरांची प्रेतं टांगली होती. त्यांच्याकडे बघत ओटमारकाका म्हणाले, "चारशे ऐंशी वर्षं झाली, आत हाडूकसुद्धा नाही, पण खाली कोणी काढत नाही." मग थोडा वेळ गुडघा चोळत बसले. म्हणाले, "वाली, त्या दिवशी बसमध्ये मी तुमच्या पुढच्या सीटवर होतो. मला सगळं माहीत आहे. आलोइसची लाज आलोइसबरोबर गेली. आता जे उरलंय ते तुझं आहे."

मला राग आला. मग नाही आला. म्हणून सांगते.

रेगेन्सबुर्गहून परत येताना पप्पांना उलटी झाली. रक्ताची. आणि तेवढंच नाही. पोटावर त्यांचा ताबा राहिला नाही. जॅकेट पुढून पूर्ण भरलं, खालच्या काठालाही लागलं. मी माझा कोट त्यांच्या अंगावर घातला. ओटमारकाका पुढे उभे राहून मोठमोठ्याने गाणी म्हणू लागले, म्हणजे बाकीच्यांचं लक्ष तिकडे जावं. ते कधीच गात नाहीत हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

घरी आल्यावर पप्पा म्हणाले, "हे धू." मी म्हटलं, पप्पा, हे धुवायचं नसतं. त्यांनी परत सांगितलं. मी तीन वेळा विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "बुर्कार्डसाठी मी कठड्यावर चढून ओरडणारा बाप आहे. त्याच्या घरी बाळ येतंय. त्याला हे कळू द्यायचं नाही. शब्द दे."

मी शब्द दिला.

मग त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल मशीनसमोर ओढून घेतलं आणि बसले. पूर्ण वेळ बसले, बुर्कार्ड. तो धुण्याचा कार्यक्रम दीड तासाचा होता. काचेतून जॅकेट फिरताना दिसत होतं. एकेक बिल्ला काचेपाशी यायचा आणि ते गावाचं नाव घ्यायचे. उल्म. एरफुर्ट. बांबेर्ग. आखेन. आखेनला तू हरवला होतास आणि पोलिसांच्या घोड्यापाशी सापडला होतास, ते त्यांनी मला परत सांगितलं. पंचेचाळीस मिनिटं झाल्यावर म्हणाले, "मध्यंतर. वाली, बिअर आण." मी आणली. मशीन जोरात फिरायला लागलं तेव्हा म्हणाले, "जादा वेळ दिलाय पंचांनी." शेवटी ते थांबलं तेव्हा टाळ्या वाजवल्या. दोनच. तेवढाच जोर होता.

पुढच्या बिल्ल्याचा लाल रंग पांढऱ्यात थोडा उतरला होता. ते म्हणाले, पावसात खेळल्यावर होतंच असं.

नऊ दिवसांनी गेले. तुझी मुलगी त्याच आठवड्यात झाली आणि तू एक दिवस उशिरा पोचलास. पप्पांचं म्हणून तुझ्यासाठी जे उरलं होतं तो तेवढा वासच होता. तोही नव्हता. मला हे तेव्हाही कळत होतं.

आता खरं सांगायचं ते हे. शब्द दिला म्हणून गप्प राहिले असं मी स्वतःला अकरा वर्षं सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. सगळी गावं तुमची होती. बस, गाणी, भांडणं, परतीच्या वाटेवर अख्खा सामना पुन्हा सांगणं, सगळं तुमच्या दोघांचं. मी घरी बसून बिल्ले शिवले. पप्पांबरोबरचा तो दीड तास फक्त माझा होता. तो मला कुणाला द्यायचा नव्हता. तू मला सगळ्यांसमोर बोललास तेव्हा मनात आलं, बरं झालं, आता देण्याचा प्रश्नच नाही.

सिस्टर आडेलगुंड म्हणायच्या की कबुली देताना कारणं देऊ नयेत. मी दिली. तरी ही कबुली समज.

वाली


ल्युबेक, १७ मे

प्रिय बुर्कार्ड,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तू इथून चालत वीस मिनिटांवर राहतोस. तरी लिहितेय, कारण हात थांबत नाहीत.

म्युन्स्टरचं पाकीटही परत आलं नाही. पण उत्तरही आलं नाही.

दुपारी आम्ही पोचलो. तुमची ती जुनी वेस खरंच मधोमध खचलेली आहे. पप्पा म्हणायचे की बुर्कार्डच्या गावात दारसुद्धा उभं राहायला कंटाळतं. इथे न येताच म्हणायचे.

मेणबत्ती लावायला मारीएनकिर्श या चर्चमध्ये गेले. तिथल्या फुटलेल्या घंटा पाहिल्या. युद्धात आगीच्या रात्री वरून जशा पडल्या तशाच आहेत, फरशीत रुतलेल्या, कडा तुटलेल्या. माझ्या शाळेत असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत झाडून काढलं असतं. मी कठड्याला धरून बराच वेळ उभी होते. पलीकडे एक बाई मुलाला सांगत होती, हात लावायचा नाही. मला वाटलं मलाच सांगतेय.

बंदराजवळच्या दुकानातून ल्युबेकचा बिल्ला घेतला. हिरवा-पांढरा. जॅकेटच्या रिकाम्या जागेवर ठेवून पाहिला. बरोबर बसतो. शिवला नाही.

जेवताना ओटमारकाकांनी विचारलं, उद्या तो आला नाही तर काय करशील? मी म्हटलं, सामना बघेन. ते म्हणाले, "म्हणजे अगदीच वाईट वेळ येणार तुझ्यावर."

झोप लागेल असं वाटतं. खरंच. जे द्यायचं होतं ते देऊन झालंय.

वाली


परतीच्या बसमध्ये, १९ मे

प्रिय बुर्कार्ड,

पप्पांचा नियम: परत येताना सामना पहिल्यापासून पुन्हा सांगायचा, दोघांनी पाहिला असला तरी. तू बसमध्ये नाहीस म्हणून पत्रात सांगते.

सव्वाएकला मी गेटपाशी उभी होते. दीड वाजला. पावणेदोन वाजले. गेरहोल्डने विचारलं, आत येताय ना? मी म्हटलं, बूट बांधते. माझ्या बुटांना नाड्या नाहीत हे त्याने पाहिलं असणार, तरी तो पुढे गेला.

मग तू दिसलास. आधी मला पप्पाच वाटले, कारण तू चालताना उजवा खांदा पुढे टाकतोस. सोबत एक मुलगी, तुझी येटेच असणार, तिच्या गळ्यात ल्युबेकचा हिरवा-पांढरा मफलर. पाहुण्यांच्या गेटवर! पन्नास वर्षं या धंद्यात असलेल्या घरातली मुलगी, आणि शत्रूचे रंग घालून आमच्या स्टँडमध्ये. गेटवरच्या माणसाने हात आडवा धरला. मागून आपले लोक ओरडायला लागले, "चुकीचं दार, बाळ, तुझी आई तिकडे वाट बघतेय!" आणि ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी आजोबांकडून आलेय."

गेटवरचा माणूस म्हणाला, रंग झाकले तर सोडतो.

तू माझ्याशी अजून एक शब्दही बोलला नव्हतास. अकरा वर्षांनी समोर उभे आणि मध्ये एक गेट. मी पिशवीतून जॅकेट काढलं आणि तुझ्याकडे धरलं. तू घेतलंस. नाकाशी नेलंस.

तू म्हणालास, "आता याला तुझ्या कपाटाचा वास येतोय."

मी म्हटलं, कापूर आणि सफरचंदं. मी खालच्या कप्प्यात सफरचंदं ठेवते.

"माहीत आहे," म्हणालास. "तू कायम तिथेच ठेवायचीस." आणि ते येटेच्या अंगात घातलंस. तिच्या गुडघ्यापर्यंत आलं. मफलर झाकला गेला. गेटवरच्या माणसाने हात खाली केला.

पहिल्या पंचेचाळीस मिनिटांत काय झालं ते मला सांगता येणार नाही. आपण शेजारी उभे होतो आणि तू मैदानाकडे बघत होतास. शून्य-शून्य. शिट्टी वाजली तेव्हा तू माझ्याकडे न बघता विचारलंस, "मध्यंतराला त्यांनी खरंच बिअर मागितली?"

मी पिशवीची चेन लावली.

"वाली. महिनाभर त्यांना बिअरचा वास सहन होत नव्हता. फोनवर मला सांगितलं होतं त्यांनी."

मग मी म्हटलं, कॅमोमाईलचा चहा. बशीतून प्यायले, कारण कप धरवत नव्हता.

तू हसलास. आधी नाकातून, मग पोटातून, मग रडलास, आणि येटेने गेरहोल्डला विचारलं की मोठी माणसं शून्य-शून्यला रडतात का. तो म्हणाला, आमच्याकडे नेहमी.

"तो चहा मला हवा होता," तू म्हणालास. "बिअरवाले पप्पा माझ्याकडे भरपूर आहेत."

बुर्कार्ड, हे वाक्य मी तुझ्या परवानगीशिवाय घरी घेऊन चाललेय.

उरलेलं तुला माहीत आहे, तरी नियम म्हणजे नियम. चौसष्टाव्या मिनिटाला त्यांनी गोल केला आणि येटे उडी मारणार होती, तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास. त्र्याऐंशीव्या मिनिटाला आपल्या त्या लंगड्या डाव्या बॅकने कुठूनसा चेंडू मारला. तो आत गेला. तू मला उचललंस, चौसष्ट वर्षांच्या बाईला. ओटमारकाका गायला लागले. ते किती वाईट गातात हे मला पहिल्यांदा ऐकू आलं.

त्या गडबडीत येटेच्या हातातल्या सॉसेजच्या पावातून मस्टर्ड सांडलं. चांगला मोठा गोळा. जॅकेटच्या पुढच्या बाजूला, त्या बिल्ल्याच्या पांढऱ्यावर, जिथे लाल उतरलं होतं बरोबर तिथे. तिने घाबरून आधी तुझ्याकडे, मग माझ्याकडे बघितलं.

माझा हात आपोआप खिशात गेला. सिस्टरांच्या शाळेतली बाई, इस्त्री केलेला रुमाल कायम जवळ. बाहेर काढला, कोपरा जिभेला लावला, पुढे वाकले. आणि तू माझं मनगट पकडलंस.

"हात लावू नकोस," म्हणालास.

तोच आवाज, तेच शब्द. पण या वेळी तुझे दात दिसत होते, रेगेन्सबुर्गच्या देवदूतासारखे.

ल्युबेकचा बिल्ला येटेच्या खिशात घातलाय. तो डाव्या खांद्यावर लावायचा, वरून न दिसणाऱ्या टाक्याने. तू शिवायचा नाहीस, तुझा टाका कोंबडीने उकरल्यासारखा असतो. ख्रिसमसच्या आधी, अॅडव्हेंटला, मी येते आणि तिला शिकवते. तोपर्यंत जॅकेट खुंटीवर ठेव, उन्हात नको.

एक-एक. सीझन संपला. आपण अकरावे आलो.

ओटमारकाका शेजारी घोरताहेत. रुमाल घडी करून परत खिशात ठेवलाय. अजून स्वच्छ आहे.

तुझी
वाली